चॅम्पियन्स लीग २०१८-१९ : अवे गोलने घडवलेला हंगाम

उत्तरार्ध (धागाकर्ता)

युरोपातील क्लब फुटबॉलचे हंगाम मी बऱ्याच वर्षांपासून नेमाने पाहतो आहे, पण २०१८-१९ च्या चॅम्पियन्स लीगकडे जितक्या वेळा परत यावेसे वाटते तितके दुसऱ्या कोणत्याही हंगामाकडे वाटत नाही. गंमत अशी की त्या हंगामाचा अंतिम सामना अगदीच फिका होता. १ जून २०१९ रोजी माद्रिदमध्ये लिव्हरपूलने टॉटनहॅमला २-० असे हरवले. पहिला गोल दुसऱ्याच मिनिटाला सलाहने पेनल्टीवर केला, दुसरा ८७व्या मिनिटाला ओरिगीने केला, आणि मधल्या जवळजवळ दीड तासात लक्षात राहावे असे फारसे काही घडले नाही. हंगाम आठवतो तो त्याआधीच्या तीन महिन्यांमुळे, म्हणजे मार्च ते मे या काळातील परतीच्या सामन्यांमुळे. माझे म्हणणे असे आहे की त्या सामन्यांतील थरारामागे खेळाडूंइतकाच एका नियमाचाही हात होता, आणि तो नियम आता इतिहासजमा झाला आहे.

ज्यांनी अलीकडेच ही स्पर्धा पाहायला सुरुवात केली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बाद फेरीत प्रत्येक जोडीचे दोन सामने होतात, एक घरच्या मैदानावर आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या. दोन्ही मिळून गोल समान झाले, तर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर अधिक गोल करणारा संघ पुढे जात असे. यालाच आपण अवे गोलचा नियम म्हणत आलो. १९६५-६६ मध्ये कप विनर्स कप स्पर्धेत तो प्रथम आला आणि २०२१ मध्ये युएफाने, म्हणजे युरोपातील फुटबॉल संघटनेने, तो रद्द केला.

आता २०१८-१९ कडे पाहा. ६ मार्चला पॅरिसमध्ये मँचेस्टर युनायटेड मैदानात उतरले तेव्हा ते घरच्या सामन्यात ०-२ असे हरलेले होते, पोग्बा निलंबित होता आणि जखमींची यादी लांबलचक होती. लुकाकूने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, पॅरिसच्या पीएसजीने बरोबरी साधली, मग त्यांचा गोलरक्षक बुफॉन याच्या हातून चेंडू निसटला आणि लुकाकूने दुसरा गोल केला. भरपाई वेळेत दालोतने मारलेला चेंडू किम्पेम्बेच्या हाताला लागला. पंचांनी आधी कॉर्नर दिला होता, पण व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पाहून मदत करणाऱ्या पंचांनी, लक्ष वेधल्यावर मुख्य पंच दामिर स्कोमिना पडद्याकडे गेले आणि पेनल्टी देऊन परतले. रॅशफर्डने ती बुफॉनच्या पुढ्यात जोरात जाळ्यात मारली. एकूण गोल ३-३, आणि युनायटेड पुढे.

१७ एप्रिलला मँचेस्टरमध्ये सिटी आणि टॉटनहॅम यांनी पहिल्या २१ मिनिटांत पाच गोल केले. स्टर्लिंग, सॉन, पुन्हा सॉन, बर्नार्डो सिल्वा, पुन्हा स्टर्लिंग. टॉटनहॅमने पहिला सामना १-० असा जिंकला होता, त्यामुळे अग्वेरोच्या गोलाने सिटी ४-२ वर पोहोचली तेव्हा प्रथमच ती एकूण गोलांत पुढे आली. ७३व्या मिनिटाला लोरेंटेच्या कमरेला लागून चेंडू आत गेला, एकूण ४-४ झाले आणि अवे गोलवर टॉटनहॅम पुढे सरकले. भरपाई वेळेत स्टर्लिंगने चेंडू जाळ्यात मारला, सारे स्टेडियम उसळले, सिटीचे प्रशिक्षक ग्वार्डिओला धावत सुटले, आणि मग त्या हालचालीत अग्वेरो ऑफसाइड असल्याचे व्हीएआरने दाखवले. इतक्या मोठ्या जल्लोषाचे इतक्या थोड्या वेळात शांततेत रूपांतर होताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

आणि ८ मे, अॅम्स्टरडॅम, तिथल्या आयाक्स संघाची टॉटनहॅमशी उपांत्य लढत. त्याबद्दल पुढे बोलूच.

तीन लढती, आणि तिन्हींचा निकाल एकूण गोल समान असताना अवे गोलवर लागला. जादा वेळ नाही, पेनल्टी शूटआउट नाही. एका गोलासरशी बाद होणारा संघ पुढे आणि पुढे जाणारा बाद. माझा प्रश्न सरळ आहे. हा नियम रद्द करून आपण खेळातील काहीतरी मौल्यवान घालवले, असे तुम्हाला वाटते का?

---

डावा_बचाव

उत्तम धागा, पण मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे.

तुम्ही जे वर्णन केले आहे ते नाट्य आहे, न्याय नव्हे. परक्या मैदानावर केलेला गोल अधिक मोलाचा ठरावा, या विचाराचा जन्म झाला तेव्हा युरोपात दूरच्या गावी जाऊन खेळणे खरोखरच अवघड होते. प्रवास लांबचा, मैदाने वेगळी, आणि पाहुणा संघ दहा जणांनिशी बचाव करायलाच यायचा. त्याने थोडेतरी आक्रमण करावे म्हणून हे आमिष होते. युएफाने नियम रद्द करताना दिलेली आकडेवारी बोलकी आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पाहिले तर यजमानांच्या विजयांचे प्रमाण ६१ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर आले आणि पाहुण्यांच्या विजयांचे प्रमाण १९ वरून ३० टक्क्यांवर गेले. म्हणजे ज्या अडचणीची भरपाई करायची, ती अडचणच बरीच कमी झाली होती.

शिवाय पहिल्या सामन्यात नियमाचा परिणाम अगदी उलटा व्हायचा. घरच्या मैदानावर गोल स्वीकारण्याची भीती इतकी की यजमानच हात आखडता घ्यायचे. त्याच हंगामातला लिव्हरपूल आणि बायर्न यांचा अॅनफिल्डवरचा, म्हणजे लिव्हरपूलच्या घरचा, ०-० सामना आठवा. तो कोणी पुन्हा पाहत नाही. तुम्ही परतीच्या सामन्यांची बेरीज मांडता, मी पहिल्या सामन्यांची वजाबाकी मांडतो.

---

उत्तरार्ध

पहिल्या सामन्यांबद्दलचे तुमचे म्हणणे काही अंशी मान्य आहे. पण त्याच ०-० मुळे १३ मार्चचा म्युनिकमधील सामना कसा घडला, तेही पाहावे. लिव्हरपूलच्या मानेने बायर्नचा गोलरक्षक नॉयर याला चकवून २६व्या मिनिटाला गोल केला, त्यानंतर मातिपच्या पायाला लागून स्वयंगोल झाला आणि १-१ झाले. दिसायला बरोबरी, पण त्या घडीला लिव्हरपूल पुढे जात होते. त्यामुळे घरच्या प्रेक्षकांसमोर बायर्नला उत्तरार्धात पुढे सरसावण्यावाचून पर्याय नव्हता, आणि मागे जी जागा मोकळी झाली तिथे लिव्हरपूलने आणखी दोन गोल केले. पहिल्या सामन्यातील सावधगिरी फुकट जात नसे, ती दुसऱ्या सामन्याच्या खात्यावर जमा होत असे.

---

ताराराणी_चौक

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठापेठांच्या आणि तालमींच्या संघांचे सामने शाहू स्टेडियमवर पाहत लहानाचा मोठा झालो, म्हणून प्रेक्षकांच्या आवाजाने संघाच्या पायात बळ येते किंवा समोरच्याच्या पायातले जाते, हे कोणी समजावून सांगायची मला गरज वाटत नाही. ७ मेला अॅनफिल्डवर झालेल्या लिव्हरपूल-बार्सिलोना उपांत्य लढतीबद्दल लिहायचे आहे.

बार्सिलोना ३-० अशा आघाडीसह आले होते. पहिल्या सामन्यात मेसीने ८२व्या मिनिटाला लांबून मारलेली फ्री-किक हा त्याचा बार्सिलोनासाठीचा ६००वा गोल होता. दुसऱ्या सामन्यात लिव्हरपूलकडे सलाह नाही, फर्मिनो नाही. मध्यंतरापर्यंत फक्त १-०. त्यातही रॉबर्टसन जखमी झाला, मिलनर डाव्या बचावाकडे सरकला आणि वायनाल्डम राखीव बाकावरून आत आला. त्याने ५४व्या आणि ५६व्या मिनिटाला गोल केले. एकूण ३-३.

इथे धागाकर्त्यांच्या मुद्द्याला पुष्टी मिळते, जरी या लढतीचा निकाल अवे गोलवर लागलेला नसला तरी. पूर्ण ९० मिनिटे बार्सिलोनाला फक्त एक गोल हवा होता. तो झाला असता तर ३-० वर असलेल्या लिव्हरपूललाही आणखी दोन गोल करावे लागले असते. मेसी, कुटिन्हो, आल्बा यांच्या संधी लिव्हरपूलचा गोलरक्षक अॅलिसन याने अडवल्या त्या या हिशेबाच्या ओझ्याखाली. उलट बार्सिलोनाच्या मनावर आदल्या वर्षीचे रोम होते. एप्रिल २०१८ मध्ये घरी ४-१ जिंकून ते रोममध्ये ०-३ हरले होते आणि एकूण ४-४ होऊन अवे गोलवरच बाद झाले होते. तीच माणसे, तीच भीती.

आता ७९वे मिनिट. लिव्हरपूलला उजवीकडून कॉर्नर मिळाला. अलेक्झांडर-अर्नॉल्डने चेंडू कोपऱ्यात ठेवला आणि शकिरी घेईल अशा बेताने दोन-तीन पावले बाजूला झाला. बार्सिलोनाचे बचावपटू पाठमोरे होते, कोणी आपापली जागा शोधत होते, कोणी बोलत होते. त्याने मागे वळून एक नजर टाकली, झटकन परत आला आणि चेंडू जमिनीलगत सरळ ओरिगीकडे मारला. ओरिगीने तो वरच्या कोपऱ्यात ठोकला. वीस वर्षांच्या पोराला त्या क्षणी ते दिसले, आणि सीमारेषेजवळ चेंडू लगेच देणाऱ्या मुलालाही आपले काम कळत होते. हा गोल मी शंभर वेळा तरी पाहिला असेन. पाहताना माझी नजर प्रत्येक वेळी चेंडूवरून हटून बार्सिलोनाच्या त्या पाठमोऱ्या खेळाडूंवर जाते.

आमच्याकडे तो सामना मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू झाला. त्याच संध्याकाळी चेन्नईत मुंबई इंडियन्सने आयपीएलचा क्वालिफायर जिंकला होता, त्यामुळे बरेच जण आधीच जागे होते. पहाटे अडीचला आमच्या गल्लीत तीन घरांतून एकदम आरडाओरडा झाला, तो क्रिकेटसाठी नव्हता.

---

पाऊलवाट

टॉटनहॅमबद्दल एक गोष्ट राहून जाऊ नये. त्या संपूर्ण हंगामात त्यांनी एकही नवा खेळाडू विकत घेतला नव्हता, आणि गटसाखळीतील पहिल्या तीन सामन्यांनंतर त्यांच्या खात्यात फक्त एक गुण होता. शेवटच्या सामन्यात बार्सिलोनाच्या मैदानावर ८५व्या मिनिटाला बरोबरीचा गोल झाला नसता तर आपण या धाग्यावर वेगळेच काही बोलत असतो. तो गोलही लुकास मौराचाच होता, ज्याने पुढे ८ मेला अॅम्स्टरडॅममध्ये तीन गोल केले.

---

कालव्याकाठी

मी २०१७ पासून अॅम्स्टरडॅमजवळ राहते. आयाक्सबद्दल लिहिण्याचा मोह आवरत नाही, म्हणून प्रतिसाद लांबला तर क्षमा असावी.

आयाक्सचा हा प्रवास सप्टेंबरमध्ये सुरू झालेला नव्हता. जुलै २०१८ मध्ये पात्रता फेरीत ऑस्ट्रियाच्या स्टर्म ग्रात्सशी, मग बेल्जियमच्या स्टँडर्ड लिएजशी, मग डायनॅमो कीव्हशी खेळून ते गटसाखळीत आले. पात्रतेचे सहा, गटाचे सहा आणि बाद फेरीचे सहा, असे एकूण अठरा सामने खेळून हा संघ अंतिम फेरीपासून काही सेकंदांवर येऊन थांबला. कर्णधार डी लिख्त १९ वर्षांचा होता. फ्रेंकी डी याँगचा बार्सिलोनाशी ७.५ कोटी युरोंचा करार जानेवारीतच जाहीर झाला होता, त्यामुळे हा संघ उन्हाळ्यात विखुरणार हे इथे प्रत्येकाला ठाऊक होते. सहकाऱ्यांच्या बोलण्यात आनंदाबरोबरच एक घाई असायची, जणू घरातील मुलगी परगावी जाण्याआधीचे शेवटचे दिवस मोजावेत तशी.

५ मार्चला माद्रिदमध्ये त्यांनी रेआल माद्रिदला ४-१ हरवले. सलग तीन वेळा युरोप जिंकलेला संघ आपल्याच मैदानावर असा मोडून पडला. तादिचने त्या रात्री चेंडूभोवती गिरकी घेऊन नेरेससाठी जो पास काढला, तो इथल्या शाळकरी मुलांनी नंतर महिनाभर रस्त्यावर करून पाहिला. रेआलचा रामोस त्या सामन्यात नव्हता, कारण पुढची फेरी गृहीत धरून त्याने पहिल्या सामन्यात मुद्दाम पिवळे कार्ड ओढवून घेतले होते आणि निलंबित झाला होता. मग ट्यूरिनमध्ये युव्हेंटसविरुद्ध २-१. रोनाल्डोने पहिला गोल केल्यावरही ते डगमगले नाहीत. व्हॅन डी बीकने बरोबरी साधली आणि ६७व्या मिनिटाला डी लिख्तने दोन बचावपटूंच्या वर उडी घेऊन डोक्याने गोल केला.

आता एक निरीक्षण, जे या चर्चेत मोलाचे ठरेल असे मला वाटते. बाद फेरीत आयाक्सने माद्रिद, ट्यूरिन आणि लंडन अशा तिन्ही परक्या मैदानांवर विजय मिळवला, पण घरच्या मैदानावर एकही सामना जिंकला नाही. रेआलकडून १-२ हार, युव्हेंटसशी १-१, टॉटनहॅमकडून २-३ हार. जो संघ परक्या मैदानावर युरोपात सर्वोत्तम होता, त्यालाच शेवटी परक्या मैदानावरच्या गोलाने बाद केले. उत्तरार्ध, तुम्ही ज्याला खेळातील मौल्यवान गोष्ट म्हणता, तिची किंमत कोणी चुकवली हे इथे राहून विसरता येत नाही.

---

डावा_बचाव

कालव्याकाठी यांचे निरीक्षण चोख आहे. मी आणखी एक भर घालतो. ८ मेला ९० मिनिटांनंतरचा एकूण गोलसंख्येचा हिशेब ३-३ होता. आजच्या नियमाने तीस मिनिटांचा जादा वेळ मिळाला असता, तोही आयाक्सच्याच मैदानावर. नियम गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, मे २०२२ मध्ये, रेआल आणि मँचेस्टर सिटी यांच्या उपांत्य फेरीत काय झाले ते आठवा. रेआलच्या रॉड्रिगोने दोन मिनिटांत दोन गोल करून एकूण ५-५ केले. जुन्या नियमाने मँचेस्टरमधील तीन गोलांच्या जोरावर रेआल तिथेच जिंकले असते. नव्या नियमामुळे सिटीला आणखी अर्धा तास मिळाला. तो त्यांना पेलला नाही ही वेगळी गोष्ट, पण तो मिळाला.

---

उत्तरार्ध

दोघांच्याही प्रतिसादांनंतर मी तो सामना काल रात्री पुन्हा पूर्ण पाहिला. त्यामुळे आता ८ मेबद्दल लिहितो.

सराव करताना नेरेस जखमी झाला आणि ऐन वेळी डोलबर्गला खेळवावे लागले. तरीही पाचव्या मिनिटाला डी लिख्तने कॉर्नरवर डोक्याने गोल केला, ३५व्या मिनिटाला झियेशने डाव्या पायाने दूरच्या कोपऱ्यात अप्रतिम गोल केला, आणि मध्यंतराला एकूण ३-० होते. टॉटनहॅमचे प्रशिक्षक पोचेटिनो यांनी मध्यंतरात वान्यामाच्या जागी उंच लोरेंटेला आणले. यानंतर टॉटनहॅमने मध्यभागातून रचना करण्याचा नाद सोडला आणि चेंडू थेट त्याच्यापर्यंत पोहोचवायला सुरुवात केली. ५५व्या मिनिटाला लुकासने धावत जाऊन गोल केला. ५९व्या मिनिटाला गोलसमोरच्या गर्दीत आयाक्सचा गोलरक्षक ओनाना याच्या हातून सुटलेला चेंडू त्याने पायात धरून, दोनदा वळून, चार-पाच पायांच्या मधून मारला.

यापुढचा अर्धा तास मला या वेळी नव्याने दिसला. आयाक्सचे प्रशिक्षक टेन हाग यांनी शोनच्या जागी फेल्टमन आणला, डोलबर्गच्या जागी सिन्कग्रेव्हन, आणि अगदी शेवटी व्हॅन डी बीकच्या जागी मागायान. तिन्ही बदल बचावाच्या बाजूने होते. एक गोल झाला तर जादा वेळही नाही, थेट बाहेर, ही भीती त्या बदलांत स्पष्ट दिसते. दुसऱ्या बाजूला झियेशचा फटका खांबाला लागून बाहेर आला आणि टॉटनहॅमच्या फर्टोन्गनचा हेडर आडव्या दांडीला लागला. ९६व्या मिनिटाला सिसोकोने मागून लांब चेंडू टाकला, लोरेंटेने तो डी लिख्तच्या अंगाशी झुंजत पुढे जाऊ दिला, डेले आलीने एका स्पर्शात पुढे ढकलला आणि लुकासने डाव्या पायाने खाली, कोपऱ्यात मारला.

आयाक्सचे खेळाडू उभ्या उभ्या कोसळले. पोचेटिनो गुडघ्यांवर बसून रडत होते. हे पाहताना मला तुमच्या दोघांचे म्हणणे आठवत होते. तो अर्धा तास त्यांना मिळायला हवा होता, हे मी आता मान्य करतो. नियम जायला हवा होता की नाही यावर माझे मत अजून पुरते बदललेले नाही, पण या एका सामन्यापुरते मी डावा_बचाव यांच्या बाजूने आहे.

---

कालव्याकाठी

धन्यवाद, उत्तरार्ध. त्या रात्रीचे एवढेच सांगते. मी स्टेडियमपासून दोन थांबे अलीकडे राहत होते. सामना संपल्यावर गाडी भरून आली, लाल-पांढरे मफलर घातलेली माणसे दाटीवाटीने उभी होती आणि डब्यात रुळांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. एक आजोबा नातवाच्या गळ्यातला मफलर काढून त्याची नीट घडी घालत होते. घडी मोडून ते पुन्हा घालायला लागले.

आठवडाभराने, १५ मेला, आयाक्सने द ग्राफस्खापवर ४-१ अशी मात करून डच लीगचे विजेतेपद निश्चित केले. हे त्यांचे ३४वे विजेतेपद. ३४ हा अब्देलहक नुरीच्या जर्सीचा क्रमांक होता. तो जुलै २०१७ मध्ये सरावाच्या सामन्यात मैदानावर कोसळला आणि पुन्हा खेळू शकला नाही. इथे त्या दिवशी विजेतेपदाबद्दल बोलताना लोक आधी तो आकडा उच्चारत होते.